आठवीच्या इंग्रजीच्या तासाला होलोकॉस्ट कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी एका आजोबांचं पत्र आलं होतं. अमेरिकेतल्या नातवाला शाळेत इंग्रजीच्या तासाला होलोकॉस्टवर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर, प्रोजेक्ट दिलाय, पोरगं तेरा वर्षांचं, रात्री लॅपटॉपवर छळछावण्यांचं वाचत बसतं, भाषेच्या बाईंनी व्याकरण आणि कविता सोडून हे काय चालवलंय, असा एकूण सूर. माझ्या बहिणीने सांगलीहून त्या पत्राचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, "ही बाई तूच ना गं?" मी ती नाही, पण कामाला तेच करते. न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते, इथे त्याला लँग्वेज आर्ट्स म्हणतात. म्हणून म्हटलं उत्तर द्यावं, थोडं लांबेल, कापाकापी तुमच्या हातात आहे.

आधी साधी गोष्ट. न्यू जर्सीत १९९४ पासून कायदाच आहे की शाळांनी होलोकॉस्ट आणि इतर वंशसंहार शिकवायचे. ते कोणी शिकवायचं हे ज्या त्या शाळेवर, आमच्याकडे इतिहासाचे सर आणि मी वाटून घेतो, कारण माहिती कशी शोधायची, सोर्स कसा तपासायचा, कुठून काय घेतलं ते खाली कसं लिहायचं हे सगळं इथे भाषेच्या गळ्यात असतं. आणि त्याच वर्षी आयरनी पण शिकवायची असते, म्हणजे वाचकाला जे माहितीये ते पात्राला माहीत नाही, त्यातून काय घडतं वगैरे. आजोबांना मला सांगायचंय ते एवढंच, की या दोन गोष्टी वेगळ्या वेगळ्या शिकवल्या तर दोन्ही कच्च्या राहतात.

आयरनी नुसती शिकवायला सोपी वाटते. वर्कशीट असतं, त्यावर तीन प्रकार, बोलण्यातली, प्रसंगातली आणि नाटकातली, आणि खाली उदाहरणं, फायर स्टेशनलाच आग लागली, पोहायला शिकवणाऱ्याला पाण्याची भीती. मुलं हसतात, जोड्या लावतात, शंभरपैकी शंभर मिळवतात. आणि मग पुढचा महिनाभर सगळंच आयरॉनिक असतं, छत्री आणली आणि पाऊस आला नाही तर आयरॉनिक, डब्यात रोज तोच पिझ्झा आला तरी आयरॉनिक. मी म्हणते बाळांनो हा योगायोग आहे किंवा नुसतं बॅड लक आहे. पटत नाही त्यांना.

म्हणून मी आता प्रकार-बिकार नंतर शिकवते. आधी फळ्यावर दोन कॉलम, कोणाला काय ठाऊक होतं आणि कधी ठाऊक झालं. आयरनी म्हणजे शेवटी हा हिशोब आहे, आणि हिशोब म्हटला की पावत्या आल्या, त्याशिवाय भागत नाही. गोष्टीत या पावत्या लेखक देतो. इतिहासात त्या आपल्याला शोधाव्या लागतात. माझ्या सगळ्या युनिटचं मूळ हे एवढंच आहे.

टेरेझीनचं उदाहरण देते, कारण वर्गात सगळ्यात जास्त वेळ आम्ही तिथेच घालवतो. प्रागच्या उत्तरेला ६० एक किलोमीटरवर हे जुनं किल्ल्याचं गाव, जर्मन लोक त्याला थेरेसिएनश्टाट म्हणत. नाझींनी तिथे ज्यूंना कोंडलं होतं, बहुतेकांसाठी ते पुढे ऑशविट्झसारख्या मृत्युछावणीत जाण्याआधीचं ठाणं होतं. १९४३ च्या ऑक्टोबरात डेन्मार्कमधून पावणेपाचशेच्या आसपास ज्यू तिथे आणले आणि डेन्मार्कचे अधिकारी मागेच लागले की आमची माणसं कशी आहेत ते आम्हाला बघू द्या. मग नाझींनी परवानगी दिली, पण आधी गाव सजवायला घेतलं. घरं रंगवली, गुलाब लावले, लहान मुलांसाठी खेळायची जागा केली, कॅफे उघडला. रस्त्यांना आधी नुसती अक्षरं आणि आकडे होते, त्यांना छान छान नावं दिली, एकाचं नाव सरोवर मार्ग, गावात सरोवर नाही. आणि गर्दी फार दिसते म्हणून १९४४ च्या मे महिन्यात ७,५०३ माणसं ऑशविट्झला पाठवून दिली. मग २३ जून १९४४ ला रेड क्रॉसची मंडळी आली, दोन डेन्मार्कची आणि एक स्वित्झर्लंडचा.

त्या पाहुण्यांसमोर मुलांनी ऑपेरा केला, त्याचं नाव ब्रुंडिबार. गोष्ट अगदी साधी, बाप नसलेली दोन भावंडं, आई आजारी, दुधाला पैसे नाहीत म्हणून बाजारात गाणं म्हणतात, तिथला पेटीवाला ब्रुंडिबार त्यांना हाकलून देतो, मग चिमणी, मांजर, कुत्रा आणि गावातली सगळी मुलं मिळून त्याची खोड मोडतात. टेरेझीनमध्ये त्याचे ५५ प्रयोग झाले. शेवटच्या गाण्यात मुलं त्या दुष्टाला हरवल्याचं गात तेव्हा बघणाऱ्या कैद्यांना तो कोण ते बरोबर कळायचं, कोणी सांगायची गरज नव्हती.

आता इथे वर्गात काय होतं बघा. पुस्तकातली व्याख्या अशी की नाटकातली आयरनी म्हणजे प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला नाही. गेल्या वर्षी एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही ती, कॉलम भरता भरता थांबली आणि म्हणाली, मिस, हे उलटं झालंय, इथे स्टेजवरच्यांना माहितीये आणि खुर्चीवर बसलेल्यांना नाही. सगळा वर्ग गप्प. मग दुसरा एक म्हणाला, पण खुर्चीवर कैदीही होते ना आधीच्या शोला, म्हणजे प्रेक्षक दोन प्रकारचे. मग त्यावरून भांडण, पाहुण्यांना खरंच कळलं नाही की कळून घ्यायचं नव्हतं. त्या स्विस प्रतिनिधीने चांगला रिपोर्ट लिहिला हे तर कागदावर आहे. मी म्हटलं जा, शोधा, त्याला काय दाखवलं, काय दाखवलं नाही, त्याने काय विचारलं नाही. आजोबा, याला मी भाषा शिकवणं म्हणते. त्या मुलीला नाटकातल्या आयरनीची व्याख्या आता जन्मात विसरणं शक्य नाही, आणि तिला टेरेझीन नुसती एक तारीख म्हणून पाठ झालं नाही. ऑपेराचा संगीतकार हान्स क्रासा स्वतः तिथला कैदी होता, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला ऑशविट्झला नेऊन मारलं, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं.

त्याच गावासाठी नाझींनी दिखाव्याच्या नोटा काढल्या होत्या, तिथली बँक पण दिखाव्याची. नोटेवर ज्यूंचा प्रेषित मोझेस याचं चित्र, हातात दहा आज्ञांच्या पाट्या. खून करू नकोस, चोरी करू नकोस. यावर मी काहीच बोलत नाही, फक्त फोटो दाखवते आणि दोन मिनिटं थांबते.

दुसरं एक उदाहरण म्हणजे रेल्वेचं भाडं. हे ऐकून मोठी माणसं पण चक्रावतात. ज्यूंना गुरांसारखं मालगाडीच्या डब्यात कोंबून नेत, पण जर्मन रेल्वे त्याचं बिल तिसऱ्या वर्गाच्या प्रवासी भाड्याने लावायची, किलोमीटरला ४ फेनिग. १० वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, ४ वर्षांखालच्यांना फुकट. ४०० च्या वर माणसं असली की ग्रुपचं सवलतीचं भाडं. माणसांचं तिकीट एकेरी, पहारेकऱ्यांचं मात्र जाऊन येऊन. आणि हे पैसे बरेचदा ज्यूंच्याच जप्त केलेल्या मालमत्तेतून भरले जायचे. मुलांना मी फक्त विचारते की या कागदावर कुठला शब्द खोटा आहे? एकही नाही. प्रवासी, सवलत, अर्धं तिकीट, सगळे रोजचे शब्द. पण लिहिणाऱ्या कारकुनाला काय ठाऊक होतं? एकेरी तिकीट का ते त्याला ठाऊक होतं की नाही? इथे ते पोचतात तेव्हा कोणी हसत नाही, आणि वर्कशीटवर आयरनी म्हणजे गंमत असं जे मनात बसलेलं असतं ते आपोआप निघून जातं.

बाकीची उदाहरणं भराभर सांगते. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली, आणि मग सरकारने दंड केला तो ज्यूंनाच, १०० कोटी मार्क, वर विम्याचे पैसे सरकारने जप्त केले. पहिल्या महायुद्धात हिटलरला पहिल्या श्रेणीचं जे आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळालं त्याची शिफारस करणारा अधिकारी ह्यूगो गुटमन ज्यू होता, तो पुढे जीव वाचवून अमेरिकेला आला. ॲन फ्रँकच्या वडिलांनी १९३८ मध्ये अमेरिकेच्या व्हिसासाठी रॉटरडॅमच्या वकिलातीत अर्ज केला होता, मे १९४० मध्ये जर्मनांनी रॉटरडॅमवर बॉम्ब टाकले त्यात ते कागद जळाले. आणि सेंट लुईस नावाचं जहाज, १९३९ च्या मे मध्ये हॅम्बुर्गहून ९३७ प्रवासी घेऊन निघालं, जवळपास सगळे ज्यू, क्यूबाने मोजक्यांनाच उतरवून घेतलं, मग जहाज मायामीचे दिवे दिसतील इतकं जवळ आलं तरी अमेरिकेनेही घेतलं नाही, परत युरोपला गेलं आणि त्यातले २५४ जण पुढे मारले गेले. हे शेवटचं इथल्या मुलांना फार लागतं, कारण तोवर त्यांच्या डोक्यात आपण म्हणजे सोडवणारे, असं पक्कं असतं.

ऑशविट्झच्या फाटकावरची पाटी मात्र मी जपून घेते. काम केल्याने मुक्ती मिळते, या अर्थाची ती पाटी. मुलं लगेच हात वर करतात, व्हर्बल आयरनी! मी विचारते, बोलणारा कोण, त्याच्या मनात काय होतं? लावणाऱ्यासाठी ते ढोंग असेल, थट्टा असेल, नुसता दाखाउच्या छावणीवरून उचललेला शिरस्ता असेल. त्यात आयरनी वाचतो तो कैदी. याचं एक उत्तर मी देत नाही. त्या पाटीतलं बी अक्षर उलटं आहे, वरचं पोट मोठं, खालचं लहान, आणि पाटी बनवली होती कैद्यांनीच. ते मुद्दाम केलं होतं असं जगून-वाचून बाहेर आलेले कैदी सांगायचे. मग मुलांनी निबंधात हे कसं लिहायचं? "कैद्यांनी निषेध म्हणून अक्षर उलटं केलं" असं सरळ ठोकून द्यायचं की "वाचलेल्या कैद्यांच्या सांगण्यानुसार" असं लिहायचं? या एका वाक्यावर आमचा अख्खा तास गेलाय. पण पुढे पोरगी वकील होवो नाहीतर पत्रकार, तिला हाच एक तास उपयोगी पडेल असं मला वाटतं.

आता आजोबांच्या काळजीबद्दल, कारण ती खोटी नाही. रात्री एकटं पोरगं लॅपटॉपवर बसून हे शोधत असेल तर ते चूकच आहे आणि तसा प्रोजेक्ट देणाऱ्या शिक्षकाला माझा पण विरोध आहे. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट म्युझियम सांगतं की हा विषय साधारण सहावीपासून पुढे शिकवावा, भीषण फोटो गरज असेल तेवढेच दाखवावे, आणि मुलांना कैदी किंवा नाझी बनवून नाटकं करू नयेत. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण उत्साही शिक्षकांना तोच मोह होतो, वर्गात टेप लावून डबा आखायचा आणि सगळ्यांना त्यात उभं करायचं, म्हणजे म्हणे मुलांना "फील" येतो. काही फील येत नाही, ढकलाढकली होते आणि घरी जाऊन सांगतात मजा आली.

माझ्या वर्गात शोध शाळेतच करायचा, माझ्यासमोर, आणि ठरलेल्या साइट्सवर. ते म्युझियम, जेरुसलेमचं याद वाशेम हे होलोकॉस्टचं स्मारक, आणि यूएससी शोआ फाउंडेशन, जिथे वाचलेल्या लोकांच्या आणि साक्षीदारांच्या ५० हजारांच्या वर मुलाखती व्हिडिओवर आहेत. मोकळं गूगल नाही. याचं कारण भीषण फोटो तर आहेच, पण दुसरं कारण जास्त मोठं आहे. होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणाऱ्यांच्या साइट्स दिसायला एकदम सोज्वळ असतात, इन्स्टिट्यूट, रिव्ह्यू, खाली तळटीपा. तेरा वर्षांच्या मुलाला काय कळणार? २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिआल्टोमध्ये तर शिक्षकांनीच घोळ घातला, आठवीच्या मुलांना निबंध दिला की होलोकॉस्ट खरंच झाला की तो पैशासाठी आणि राजकारणासाठी केलेला बनाव होता, पुरावे देऊन लिहा, आणि वाचायला दिलेल्या मजकुरात एक असा नाकारणाऱ्यांचा पण. क्रिटिकल थिंकिंग म्हणून. काही मुलांनी बनाव होता असंच लिहून दिलं. खूप बोंबाबोंब झाली, मग मागे घेतला. माझं म्हणणं, दोन्ही बाजू मांडा हे सूत्र भाषेच्या तासाला फार लाडकं आहे पण जे सिद्ध आहे त्याला बाजू नसतात, बाजू असतात त्या "त्या स्विस माणसाला कळलं का" अशा प्रश्नाला.

आणि आता नवीन डोकेदुखी, चॅटबॉट. एकाने मला होलोकॉस्टमधून वाचलेल्या एका आजींचं फार सुंदर वाक्य आणून दिलं, नाव, गाव, सगळं. म्हटलं मुलाखत दाखव. मुलाखत नाही. आजीच नाहीत. वाक्य मशीनने बनवलेलं. वाईट मला याचं वाटलं की साठ लाख खरी माणसं मारली गेली, त्यांच्यातल्या लाखोंची नावं याद वाशेमच्या यादीत एकेक करून लिहिलेली आहेत, आणि तरी आपण एक खोटी बनवतोय.

हे सगळं मी मराठी पेपरात का लिहितेय? कारण माझ्या वर्गात आपली मुलं बरीच आहेत, आणि घरून ती काय घेऊन येतात ते मला ओळखू येतं. आपल्याकडे कडक हेडमास्तर म्हणजे हिटलर, सासूबाई हिटलर, ऑफिसातला साहेब हिटलर, आणि फोर्टच्या फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. सुट्टीत आलेले एक आजोबा (पत्रवाले नव्हेत) मला शाळेच्या पार्किंगमध्ये सांगत होते की काही म्हणा, शिस्त होती हो त्या माणसाकडे. त्यांना मी रेल्वेच्या भाड्याचं सांगितलं. शिस्त होतीच की, अर्धं तिकीट सुद्धा चुकत नव्हतं.

नाझींचं चिन्हही तसंच दिसतं, त्यामुळे स्वस्तिकाचा प्रश्न तर दर दिवाळीला येतो. दारात रांगोळीत स्वस्तिक काढलं आणि शेजारच्या मुलीने बघितलं तर, असं एकीने मला घाबरत घाबरत विचारलं होतं. तिला म्हटलं हाच तुझा रिसर्चचा विषय. तिने तो असा केला की शेजारची मुलगीच पार्टनर झाली, आणि दोघींच्या घरच्यांनी एकमेकांकडे जाऊन चहा घेतला.

एका मुलाचं आजोळ कोल्हापूर. त्याने कुठूनतरी ऐकलं होतं की दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे निर्वासित राहत होते, त्याला वाटलं म्हणजे हिटलरपासून पळालेले ज्यूच असणार, आपल्या कोल्हापूरने त्यांना वाचवलं. एकदम खूश. पण शोधायला बसला तसं वेगळंच निघालं. वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत छावणी होती हे खरं, पाच हजारांच्या आसपास माणसं होती, बायका-मुलंच जास्त, पण ती बहुतेक कॅथलिक, आणि त्यांना घरादारातून उचलून सायबेरियाला धाडलं होतं ते स्टालिनच्या रशियाने. म्हणजे होलोकॉस्टच्या प्रोजेक्टमध्ये ते बसत नाही. पोरगा हिरमुसला. मी म्हटलं हेच लिही, तुला काय वाटलं होतं आणि काय निघालं. त्याचा पेपर वर्गात सगळ्यात चांगला झाला. मग त्याला मुंबईचा एक धागा सापडला तो मात्र बरोबर बसला, वॉल्टर कॉफमन, चेकोस्लोव्हाकियातल्या कार्ल्सबाडचा ज्यू संगीतकार, १९३४ मध्ये मुंबईला आला, पुढे ऑल इंडिया रेडिओवर कामाला होता, आकाशवाणीची ती सकाळची सिग्नेचर ट्यून त्याचीच मानली जाते. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अगंबाई, म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्या सुरावर दूध तापवलं आणि कोणी सांगितलं नाही?

तर संपादक महोदय, एक विनंती आहे आणि तेवढ्यासाठीच खरं तर हे पत्र. वळिवड्याच्या छावणीबद्दल इंग्रजीत जे मिळतं ते बहुतेक तिथे राहिलेल्या पोलिश लोकांनी लिहिलेलं किंवा सांगितलेलं आहे. पण त्या छावणीत दूध घालणारे, भाजी विकणारे, टांगा चालवणारे, शेजारच्या गावात राहणारे जे आपले लोक होते त्यांनी काय पाहिलं, या माणसांबद्दल त्यांना काय ठाऊक होतं, हा माझ्या विद्यार्थ्याचा कॉलम अजून रिकामा आहे. कोल्हापूर, गांधीनगर, वळिवडे भागातल्या तुमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी आजी-आजोबांनी सांगितलेल्या आठवणी असतील, फोटो, उधारीच्या वह्या, काहीही, तर त्यांनी तुमच्या पेपरकडे पाठवावं आणि तुम्ही जागा असेल तसं छापावं. कोणी सांगितलं, त्यांना कोणी सांगितलं आणि साधारण कुठल्या सालचं, एवढं मात्र प्रत्येकाने सोबत लिहावं, कारण पोरगं आता त्याशिवाय काही मानत नाही.

आपली नम्र,
एक मराठी शिक्षिका, न्यू जर्सी